अकरा बावन्न ते तीन सव्वीस

१

विल्फ एन्टविसल शनिवारी गेला, आणि नवव्या दिवशी त्याला एकट्याला मरू दिल्याचा पुरावा टपालाने आला. पुरावा म्हणजे पार्किंगची नोटीस.

ती नोटीस लिनेट ऑर्मरॉडने डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी माझ्या टेबलावर उलटी ठेवली. मी कुंदा मगदूम. हार्कलीच्या लायब्ररीमागे सल्ला केंद्र आहे, तिथे मी मंगळवारी आणि गुरुवारी फुकट बसते. लोक घरभाडं, पेन्शन, पार्किंग असलं काहीबाही घेऊन येतात. माझं वय एकाहत्तर, गुडघ्यांचं नव्वद. इचलकरंजीहून लग्न होऊन इथे इंग्लंडात आले तेव्हा लँकशरच्या गिरण्या धापा टाकत का होईना चालू होत्या. बावीस वर्षं वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्यात काढली. मग गिरण्या गेल्या, मी राहिले.

"सरळ कर तो कागद," मी म्हटलं. "मेलेल्या माणसासारखा पालथा काय घातलायस?"

तिने तो सरळ केला. नऊ नोव्हेंबर. सुपरमार्केटचं ग्राहकांसाठीचं पार्किंग, मुभा दोन तासांची. गाडी आत आली अकरा बावन्नला, बाहेर गेली तीन सव्वीसला. खाली गाडीचे दोन फोटो आणि दंडाचा आकडा.

"भरून टाक आणि सुट. आकडा काही घर विकावं लागेल एवढा नाही."

"दंडाचं काही नाही गं, कुंदा." लिनेटचा आवाज खाली आला. "एक ते दोन मी विल्फकडे होते. त्याला सूप दिलं, गोळ्या दिल्या. संध्याकाळी सातला त्याची मुलगी आली तर तो स्वयंपाकघरात पडलेला. हृदय. डॉक्टर म्हणाले, दुपारीच कधीतरी. जिलियन म्हणते मी गेलेच नाही. आणि हे यंत्र म्हणतं की माझी गाडी साडेतीन तास जागची हलली नाही."

लिनेट घरोघर जाऊन म्हाताऱ्यांचं करते, एकोणीस वर्षं झाली. तिच्या कंपनीने तिला घरी बसवलं होतं. सतरा डिसेंबरला सुनावणी. तिथे ती खोटी ठरली की नोकरी जाणार, आणि नाव अशा यादीत चढणार की पुन्हा कुणाच्या आजारी आईबापाला हात लावायला मिळणार नाही.

"तू गेलीस याचा काही दाखला?"

"फोनची बॅटरी संपली होती, नाहीतर विल्फच्या दाराशी कंपनीने चिकटवलेल्या खुणेला फोन टेकवला की हजेरी लागते. वहीत हाताने लिहिलं. ते म्हणतात, मागाहूनही लिहिता येतं. शेजारी सगळे फुटबॉलला गेलेले."

मी भिंग काढून फोटो बघू लागले आणि थबकले. मग कोट चढवला.

"चल, तुझी गाडी बघू."

२

गाडी मागच्या गल्लीत उभी होती. जुनी, निळी, आणि समोरच्या जाळीवर हाताच्या पंजाएवढं लाल प्लास्टिकचं पॉपीचं फूल. युद्धात गेलेल्यांच्या नावाने नोव्हेंबरात ही फुलं सगळं गाव लावतं, कोटावर छोटी, गाड्यांवर मोठी. पण अकरा तारखेचा स्मरणदिन झाला की निमूट काढून ठेवतात. डिसेंबरात पॉपी मिरवणं म्हणजे दिवाळी झाल्यावर महिनाभर आकाशकंदील लटकवून ठेवण्यातला प्रकार.

"हे अजून का आहे?"

मी कशीबशी वाकले. फूल सुती दोऱ्याने बांधलं होतं, मागावर वापरायचा, आता दुकानात मिळत नाही तसला. आणि त्या दोऱ्याला गाठ होती.

ती गाठ मी बावीस वर्षं दिवसाला चारचारशे वेळा मारली. तुटलेलं सूत जोडायची विणकरी गाठ. इतकी लहान की कापडात दिसत नाही. माझे वडील इचलकरंजीत तीच मारायचे. पण ही उलटी होती, आरशात बघावी तशी, आणि शेवटचं टोक एकदा जास्त आत खोवलेलं.

मी पर्समधून नाडी काढून लिनेटला दिली. "दोन टोकं बांध."

तिने जी गाठ मारली ती बघून माझ्या खात्यातल्या बायकांनी तिला चहा करायला पाठवलं असतं.

"म्हणजे ही तुझी नव्हे."

"विल्फची," ती म्हणाली, आणि तिथेच गल्लीत रडायला लागली. "तो गिरणीत जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. उजव्या अंगठ्याचं टोक मागात गेलेलं, म्हणून सगळं डाव्या हाताने. त्या दिवशी मी त्याला मागच्या दारी स्टूल दिलं, त्यावर बसून बांधलं त्याने. म्हणाला, आता गाडी भंगारात गेली तरी फूल सुटायचं नाही. मला कापवत नाही गं ते."

मला हायसं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही म्हणा. अकरा बावन्नच्या फोटोत गाडीला फूल नव्हतं आणि तीन सव्वीसच्या फोटोत होतं. विल्फ दोन वर्षं गल्लीच्या टोकापलीकडे गेलेला नव्हता. तो गाडीकडे येणं शक्य नव्हतं, तर गाडीच त्याच्याकडे गेली असणार.

हे इतकं सरळ होतं की कुणीही मान्य करेल, असं मला त्या मंगळवारी खरंच वाटलं. एकाहत्तर वर्षांची झाले तरी अक्कल येत नाही ती अशी.

३

कंपनीचा मॅनेजर डॅरेन स्पेन्सली हा सभ्य माणूस. बिस्किटांची बशी पुढे सरकवता सरकवता नकार देणारा.

"मिसेस मगदूम, पॉपी त्या दुकानाच्या दारातच विकायला असतात. तिने घेतली, पार्किंगमध्येच लावली. झालं."

"आणि गाठ?"

"गाठ म्हणजे गाठ हो. कुणीही मारील."

"तुम्ही मारून दाखवा. मी नाडी आणलीय."

तो हसला, पण नाडीला हात लावला नाही. "बरं, धरून चालू की विणकराची आहे. या गावात साठीपुढचं निम्मं गाव गिरणीतलं. तुम्हीसुद्धा मारू शकता. ती तुमची ओळखीची आहे. मी असं म्हणत नाही, पण वरचे लोक म्हणतील."

माझ्या तोंडातलं बिस्किट कडू झालं.

"जिलियननं काय लिहून दिलंय?" मी विचारलं.

त्याने फाईल उघडली. "सातला पोचले. वडील जमिनीवर. टेबलावर काही नाही, ताट-वाटी नाही. म्हणजे जेवण दिलेलंच नव्हतं."

"लिनेट भांडी घासून ठेवते."

"असेल."

"आणि जिलियन सातलाच येणार होती?"

त्याने फाईल मिटली. "तो प्रश्न आमच्यापुढे नाही."

बाहेर गाडीत लिनेट वाट बघत होती. मी तिला तोच प्रश्न केला.

"विल्फ मला म्हणाला, तू जा, आमची जिल तीनला येतेय. दर शनिवारी तीनला यायची ती. त्या दिवशी का उशीर झाला, मला माहीत नाही. मी हे कुठे बोलले नाही, कुंदा. तिचा बाप गेलाय."

बघा म्हणजे. स्वतःच्या गळ्याशी आलेलं, आणि ही बाई दुसरीची अब्रू झाकत बसली होती. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. पण त्या वाक्याने मला दुसरं काहीतरी दाखवलं. लिनेट दोनपर्यंत तिथे होती असं ठरलं, तर दोन ते सात विल्फजवळ कुणी नव्हतं ते कुणामुळे, हा प्रश्न उभा राहत होता. लिनेट खोटी ठरण्यात एका माणसाची झोप अडकली होती.

"जिलियनकडे शेवटी जाऊ," मी म्हटलं. "आधी यंत्राला खोटं पाडू. ते तरी रडणार नाही."

४

गुरुवारी सकाळी आम्ही पार्किंगच्या तोंडाशी चहाचे कागदी पेले घेऊन उभ्या राहिलो. पाऊस भुरभुरत होता. फाटक एकच, खांब दोन. एक कॅमेरा आत येणाऱ्या गाडीचं तोंड बघतो, दुसरा बाहेर जाणाऱ्या गाडीचं. मागच्या बाजूची नंबराची पाटी कुणीच बघत नाही.

"नीट क्रमाने सांग. काही गाळू नकोस. मूर्खपणासुद्धा गाळू नकोस."

"अकरा बावन्नला आले. विल्फने फूल आणायला सांगितलं होतं, मोठं, गाडीसाठी. कोरियाच्या युद्धात त्याचे दोस्त गेले होते ना. दारात घेतलं, वर कॅफेत चहा घेतला. साडेबाराच्या सुमाराला निघाले. एक ते दोन विल्फकडे. सव्वादोनला माझ्या आठवड्याच्या सामानासाठी परत इथे. मग तीन सव्वीस."

"म्हणजे तू दोनदा आलीस, दोनदा गेलीस. यंत्राला पहिलं येणं दिसलं आणि शेवटचं जाणं. मधलं काय झालं?"

"तेच तर मला कळत नाही."

मी गाडीपुढे वाकले. गुडघे कुरकुरले. नंबराच्या पाटीवर, डावीकडच्या तीन अक्षरांवर, धुळीची एक आडवी पट्टी होती. बाकी पाटी पावसाने धुतलेली, ही पट्टी मात्र काळी. मी नख लावलं. चिकट होतं.

"लिनेट, फूल विल्फने बांधलं. पण तू दुकानातून त्याच्या घरी गेलीस तेव्हा ते कुठे होतं?"

तिचा चेहरा पडला. "मी चिकटपट्टीने लावलं होतं. घाईत. जाळीवर चिकटेना, म्हणून खाली."

"पाटीवर."

"थोडंसं पाटीवर. विल्फ बघून हसला होता. म्हणाला, अगं, पोलीस धरतील तुला, नंबर झाकलायस. त्यानेच काढून वर बांधलं. मी हे सांगितलं नाही, कारण नंबर झाकणं गुन्हा आहे ना. आधीच एवढं चाललंय."

मी पेला भिंतीवर ठेवला. सगळं लख्ख झालं होतं.

साडेबाराला गाडी बाहेर गेली तेव्हा फुलाने नंबर झाकलेला. कॅमेऱ्याने बघितलं, पण वाचता आलं नाही. यंत्राच्या लेखी गाडी आतच. सव्वादोनला गाडी परत आली, फूल वर, नंबर मोकळा. तेव्हा यंत्राने तो वाचला असणारच. पण आत असलेली गाडी पुन्हा आत कशी येईल? म्हणून त्याने ती नोंद चूक समजून बाजूला टाकली. राहिलं काय? पहिलं येणं आणि शेवटचं जाणं.

"म्हणजे सव्वादोनची नोंद त्यांच्याकडे आहे," लिनेट हळू म्हणाली.

"आहे. आणि जी गाडी सव्वादोनला आत येते ती त्याआधी बाहेर असते. तेवढी एक ओळ मिळाली की डॅरेनच्या बिस्किटांसकट सगळं संपलं."

त्या दुपारी मी अपील लिहिलं. बावन्न वर्षं या देशात काढली, इतकं चांगलं इंग्रजी मी कधी लिहिलं नव्हतं. दोन्ही फोटो, गाठीचं वर्णन, चिकटपट्टीचा डाग, सगळं जोडलं. दंड माफ करा असं एका शब्दाने म्हटलं नाही. मागितली फक्त सव्वादोनची नोंद.

लिनेटने त्या दिवशी प्रथमच माझ्याबरोबर पोटभर जेवण केलं.

५

उत्तर अकरा डिसेंबरला आलं. लिनेटने मला फोन केला. "कुंदा, आपण जिंकलो. दंड रद्द."

मी म्हटलं, "पुढचं वाच."

"सद्भावना म्हणून हा दंड रद्द करण्यात येत आहे. प्रकरण बंद झाल्याने कोणतीही माहिती पुरवण्याची आवश्यकता उरत नाही. प्रकरणाशी संबंधित चित्रे व नोंदी नियमानुसार काढून टाकण्यात आल्या आहेत. आपल्या संयमाबद्दल आभार."

आम्ही नोंद मागितली होती आणि त्यांनी आमच्या हातावर माफी ठेवून बोळवण केली होती. तंटा पुढे पंचाकडे गेला असता तर नोंदी दाखवाव्या लागल्या असत्या. दंड सोडला की तंटाच उरत नाही. त्यांच्या दृष्टीने ते एका बाईवर उपकार करत होते. त्या बाईचं त्या नोंदीवाचून काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी पत्राचा मजकूर तोच राहिला असता.

मी त्यांना फोन लावला. पाऊण तास फोनवरचा बाजा ऐकला. शेवटी एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पण मॅडम, तुमचं अपील मान्य झालंय. तुमची तक्रार नक्की काय आहे?"

डॅरेनलाही पत्र दाखवलं. त्याने दोनदा वाचलं.

"सद्भावना म्हणून, असं लिहिलंय. आमची चूक झाली, असं कुठे लिहिलंय?" मग तो जरा घुटमळला. "हे बघा, मी दगड नाही. त्या गाठीबद्दल विल्फच्या मुलीनं सांगितलं की हो, ही बाबांची आहे, तर मी सुनावणीत तिचा शब्द धरीन. घरच्या माणसाचा शब्द मोठा असतो. तेवढं एक आणा."

सतरा तारखेला सहा दिवस होते.

६

जिलियन बापाचं घर आवरत होती. साठीची बाई, केस आवळून बांधलेले, हातात खोके. आम्ही गाडी मागच्या गल्लीत लावली, त्याच दारापुढे. लिनेटला बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"तू इथे यायचं नाहीस."

"मी आणलंय तिला," मी म्हटलं. "पाच मिनिटं द्या. भांडायला आलो नाही."

मी तिला नोटीस दाखवली. हा फोटो अकरा बावन्नचा, फूल नाही. हा तीन सव्वीसचा, फूल आहे. चिकटपट्टी कशी लागली, कॅमेरा कसा चुकला, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, नजर माझ्यावर, गाडीकडे एकदाही नाही.

"मला तुमच्याकडून एकच हवंय. ही गाठ बघा आणि सांगा कुणाची आहे ते. तुम्ही त्या दिवशी कधी आलात, का आलात, काही विचारत नाही. कुणी विचारणार नाही."

"विचारतील," जिलियन म्हणाली. "मीच विचारीन." मग तिने खोका खाली ठेवला. "सेल होता. पडद्यांचा. मी बाबांना फोन केला नाही. म्हटलं, लिनेट असेलच."

लिनेट पुढे झाली. "जिल, तो मजेत होता गं. हसत होता. दोन वेळा सूप घेतलं त्याने. तुझ्यासाठी केक डब्यात काढून ठेवला होता."

हे बोलायला नको होतं. मला ते तिथल्या तिथे कळलं. खोटी लिनेट जिलियनला परवडत होती. तिच्या बापाला हसताना बघून गेलेली लिनेट तिला परवडणारी नव्हती.

जिलियन गाडीपुढे गुडघे टेकून बसली, ओल्या फरशीवर. बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिली. बोटाने ते जास्तीचं खोवलेलं टोक चाचपलं. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता सांगेल. देवाशपथ, मला वाटलं.

विणकरी गाठ ओढून सुटत नाही. ओढाल तितकी आवळते. तिचा वाकलेला पीळ अंगठ्याने मागे ढकलावा लागतो, आणि ही तर उलटी गाठ, म्हणजे डाव्या अंगठ्याने. हे कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं. लहानपणी मांडीवर बसवून.

जिलियनने आधी खोवलेलं टोक बाहेर काढलं. मग डावा अंगठा टेकवला आणि ढकलला. गाठ पहिल्याच झटक्यात सुटली.

फूल खाली पडलं. तिने तो दोरा बोटांभोवती गुंडाळला आणि कोटाच्या खिशात घातला.

"ही गाठ मी कधी पाहिलेली नाही," ती म्हणाली. "दोरा आमच्या घरातला आहे, तो मी ठेवते."

मी तिचा हात धरला. "बाई, तुम्ही ती आत्ता सोडवलीत."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. मी इतकं दमलेलं माणूस पाहिलेलं नाही.

"मला झोपायला लागतं हो," ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

लिनेटने फूल उचललं, बाहीने पुसलं आणि मागच्या सीटवर ठेवलं.

सुनावणी सतराला झाली. अकरा मिनिटं चालली. मी सांगितलं की जी बाई ही गाठ ओळखत नाही म्हणते तिने ती डाव्या अंगठ्याने, एका झटक्यात सोडवली. विल्फच्या हाताखाली शिकल्याशिवाय हे जमत नाही. म्हणून गाठ विल्फची, म्हणून विल्फ त्या दुपारी गाडीजवळ होता, म्हणून लिनेट तिथे होती. बिनचूक सांगितलं. कुठेही अडखळले नाही.

डॅरेनने सगळं लिहून घेतलं. मग मान वर करून, खरंच आशेने, विचारलं, "गाठ आणली आहे का?"

लिनेट माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर ते फूल घेऊन. मी म्हटलं, "नाही."